ऑश्विट्झ बघायचंय, मुलाला न्यावं का?

अलिबागकर: मे महिन्यात पोलंडमध्ये क्राकोवला भाचीकडे चाललोय, तिथून ऑश्विट्झ, म्हणजे नाझींची ती छळछावणी, करायचा विचार आहे पण सोबत ९ वर्षांचा मुलगा आहे, न्यावा का? माझं लहानपण अलिबागच्या इस्रायल आळीजवळ गेलं, शेजारी सगळे बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, शनवार तेली म्हणायचे ना ते, त्यामुळे एवढं जवळ जाऊन न बघता यायला मन होत नाही.

नागावची सून: नका नेऊ हो. तिथलेच लोक सांगतात १४ वर्षांखालच्यांना आणू नका म्हणून. काचेमागे तिथे आणलेल्या कैद्यांच्या सुटकेसींचा ढीग आहे, वर पांढऱ्या रंगात हाताने लिहिलेली नावं, म्हणजे बॅग परत मिळेल असं वाटत होतं त्यांना. मी एकच नाव वाचत उभी राहिले आणि ग्रुप कधी पुढे गेला कळलंच नाही. कैद्यांचे कापलेले केस ठेवलेत त्या खोलीत फोटो काढू देत नाहीत, बरंच आहे.

दर्यावर्दी: एन्ट्री फुकट पण पास ऑनलाइन आधीच काढा, गाईडचे पैसे वेगळे. बॅग ३५ बाय २५ बाय १५ सेंमीपेक्षा मोठी चालत नाही, आमची सॅक परत ठेवायला लागली, वैताग नुसता. आणि बिर्केनाऊ, म्हणजे छावणीचा दुसरा मोठा भाग, चुकवू नका, ३ किमीवर आहे, फुकट बस असते. सुमारे ११ लाख माणसं मारली दोन्हीकडे मिळून, त्यात १० लाखाच्या आसपास ज्यू, पण खरा आवाका कळतो तो बिर्केनाऊला, कैद्यांच्या गाड्या यायच्या त्या रुळांवर उभं राहिल्यावरच.

अलिबागकर: ठरलं मग, पोरगा भाचीकडे. बायको म्हणते एकटाच जा, मला झेपायचं नाही.