विषय: मंडळाचा मेल उघडत नाही, कोड नानांच्या जुन्या नंबरवर जातोय

ताई (सचिव), शनिवार सकाळी ७.५०

सर्वांना नमस्कार,

मंडळाचा मेल काल रात्रीपासून उघडत नाही. पासवर्ड बरोबर आहे. पण नवीन लॅपटॉपवरून उघडतेय म्हणून सहा अंकी कोड मागतो, आणि कोड जातो शेवटी ४१ असलेल्या नंबरवर. म्हणजे आधी हे खातं सांभाळणाऱ्या नानांचा इथला जुना नंबर. सभेची सूचना उद्या रात्रीपर्यंत गेली नाही तर मुदत मोडेल, आणि सभासदांची यादी त्याच खात्यात अडकली आहे. जुना लॅपटॉप गेल्या महिन्यात बंद पडला ते सगळ्यांना माहीत आहेच.

नाना, तो नंबर अजून तुमच्याकडे आहे का? मी आतापर्यंत चार वेळा ‘कोड पुन्हा पाठवा’ दाबलं.

वहिनी (खजिनदार), शनिवार सकाळी ८.१५

नानांनी देश सोडून जाताना नंबर सोडला. हस्तांतराच्या कागदात शिक्का होता, चेकबुक होतं, कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या. मेलचा कोड कुठे जातो हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी तेव्हा विचारलं होतं, इतिवृत्तात आहे.

आता उपाय काय? तो नंबर आज ज्याच्याकडे असेल त्यालाच फोन करून कोड विचारला तर? माणूस चांगला असला तर सांगेल.

भाऊ, शनिवार सकाळी ८.३२

वहिनी, कृपया कोणीही त्या नंबरवर फोन करू नका. आणि ताई, ‘पुन्हा पाठवा’ आता थांबव.

सोडलेला नंबर कंपनी काही काळ पडून ठेवते आणि मग दुसऱ्या ग्राहकाला देते. तो नंबर नव्या माणसाला मिळाला असेल तर काल रात्रीपासून त्याच्या फोनवर आपले चार कोड पडले असतील. फोन करून आपण त्याला वर हेही सांगू, की हे कोणाचं खातं आहे आणि ते आपल्यालाच उघडता येत नाहीये. बऱ्याच ठिकाणी नंबर हातात असला की ‘पासवर्ड विसरलो’ म्हणूनही आत जाता येतं.

ही नुसती भीती नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोबाइल कंपन्यांकडे नव्या ग्राहकांसाठी उपलब्ध असलेले २५९ नंबर तपासले. त्यांतले १७१ नंबर लोकप्रिय संकेतस्थळांवरच्या कोणाच्या ना कोणाच्या खात्याला अजून जोडलेले होते. आपलं खातं तसंच.

दोन गोष्टी करून बघ. कपाटाशेजारच्या संगणकावर मेल याआधी उघडलेला असेल तर तिथूनच प्रयत्न कर. ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा असली की कधीकधी कोड मागतच नाहीत. आणि दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डानंतर कोडही मागणं) सुरू करताना, फोन हाताशी नसेल तेव्हा वापरायच्या राखीव कोडांचा एक कागद मिळतो. तो कोणी छापून ठेवला होता का?

अप्पा, शनिवार सकाळी ९.०५

मी अध्यक्ष असताना दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा असा ठराव केला होता. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह अनिवार्य होतं. पुढच्या समितीने तो ठराव गुंडाळून ठेवला. ती शिस्त पाळली असती तर आज ही वेळ आली नसती.

भाऊ, शनिवार सकाळी ९.२०

अप्पा, आदर राखून सांगतो, आजच्या अडचणीशी पासवर्डचा संबंध नाही. पासवर्ड बरोबरच आहे.

आणि तो नियम आता तो लिहिणाऱ्यांनीच सोडला आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेसाठी २००३ मध्ये बिल बर यांनी पासवर्डचं मार्गदर्शन लिहिलं होतं. मोठं अक्षर, चिन्ह, ठरावीक काळाने बदल ही सगळी पद्धत तिथून जगभर गेली. २०१७ मध्ये त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने, कारण नसताना सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नका, असं लिहिलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजसाठीच्या शिफारशींतून ही सक्ती काढली. माणसं शेवटचा १ काढून २ करतात, आणि चोराला ते माहीत असतं. पासवर्ड लांब हवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा, आणि फुटल्याची शंका आली की लगेच बदलायला हवा.

अप्पा, शनिवार सकाळी ९.४१

‘फुटल्याची शंका’ सामान्य माणसाला येणार कशी? म्हणून तर तारीख ठरवून बदलायचा. चोर तुमच्या घरी कळवायला येत नाही.

भाऊ, शनिवार सकाळी ९.५८

प्रश्न योग्य आहे. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये ‘हॅव आय बीन पोन्ड’ हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे आपला मेल पत्ता टाकला की त्यांच्याकडे जमा झालेल्या फुटलेल्या माहितीत तो आहे का हे दिसतं. पासवर्डही तपासता येतो. तेव्हा तुमचा पासवर्ड त्यांच्याकडे जात नाही. तुमच्या ब्राउझरमध्येच त्यापासून एक लांब सांकेतिक ओळ बनते, त्यातली पहिली पाच अक्षरं तेवढी जातात, आणि उरलेली जुळवणी इकडेच होते. सगळ्यांनी आज एकदा आपला पत्ता टाकून बघावा.

मावशी, शनिवार सकाळी १०.१०

कोडावरून सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या नंबरवरून मेसेज आला, ‘मावशी, चुकून तुझ्या फोनवर माझा सहा अंकी कोड आलाय, लवकर पाठव.’ मी पाठवला. तो कोड माझ्याच मेसेजिंग ॲपचा होता. पाच मिनिटांत माझं खातं दुसऱ्याच्या हातात, आणि माझ्या नावाने चाळीस लोकांना पैशांची मागणी. भाचीचं खातं आदल्या दिवशी असंच गेलं होतं. माझ्या एका मैत्रिणीने पैसे पाठवलेसुद्धा. ते तिला परत मिळाले नाहीत, आणि मला ते अजून लागून राहिलं आहे.

मंडळात इतक्या सहज ‘कोड विचारून घेऊ’ असं कोणी बोललं की माझा जीव घाबरा होतो. घरच्या माणसाने मागितला तरी आधी फोन करून आवाज ऐकायचा, हे मी आता पक्कं केलं आहे.

काकू, शनिवार सकाळी १०.२५

ताई, तुझा जीव टांगणीला लागला असेल म्हणून लगेच लिहिते. नानांनी मला एक कागद दिला होता, ‘नीट ठेवा’ म्हणाले होते. माझ्या वहीत चिकटवलेला सापडला. त्यावर आठ-आठ आकड्यांच्या दहा ओळी आहेत. हेच का ते?

[आकडे काढले – दादा]

दादा (मंडळाच्या या मेल-लिस्टचे ॲडमिन), शनिवार सकाळी १०.३१

काकूंच्या मेलमधले आकडे मी साठ्यातून काढले आहेत. पण मेल १८० जणांच्या पेटीत पोचला, तो मला मागे घेता येत नाही. सगळ्यांना विनंती, तो मेल पुढे पाठवू नका, उडवून टाका. उत्तर देताना मूळ मजकूर खाली ठेवू नका, नाहीतर आकडे पुन्हा लिस्टवर येतील.

एरवी पासवर्डाशिवाय या कोडांचा उपयोग नाही. पण गेल्या वर्षी हिशेबाच्या वेळी पासवर्डही याच लिस्टवर पाठवला गेला होता. लिस्टच्या साठ्यात शोधून मी आत्ता खात्री केली, तो तिथे आहे. म्हणजे या क्षणी दोन्ही गोष्टी १८० लोकांकडे आहेत. ताई, त्यातला एक कोड वापरून आत जा, आणि बाकी काही करण्याआधी नवे कोड काढ.

काकू, शनिवार सकाळी १०.३८

मला फार वाईट वाटतंय. मदत करायची म्हणून घाईत टाकले.

भाऊ, शनिवार सकाळी १०.४०

काकू, तुम्ही कागद जपला म्हणून आज रस्ता आहे. वहीत लिहून ठेवणं चूक नाही. इंटरनेटवरचा चोर तुमच्या वहीपर्यंत पोचत नाही.

ताई, शनिवार सकाळी ११.२०

उघडला. काकूंच्या कागदावरचा तिसरा कोड चालला. क्रमाने केलं ते लिहिते: नवे राखीव कोड काढले, त्याबरोबर जुने दहाही रद्द झाले. पासवर्ड बदलला. ४१चा नंबर काढला. ‘सगळीकडून बाहेर पडा’ केलं. सभेची सूचना गेली.

भाऊंनी फोनवर सांगितलं तशी सेटिंग पाहिली. दोन गोष्टी निघाल्या, त्या सगळ्यांसमोर ठेवते. पहिली, या खात्यात येणारा प्रत्येक मेल नानांच्या खाजगी पत्त्यावर आपोआप जात होता. दुसरी, सभासदांची यादी ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडता येत होती. ती लिंक २०१९च्या एका परिपत्रकात आहे, आणि परिपत्रक संकेतस्थळावर आहे. यादीची लिंक मी बंद केली. मेल पुढे पाठवण्याची सोयही बंद केली.

वहिनी, शनिवार सकाळी ११.४५

त्या यादीत मुलांच्या जन्मतारखा आहेत. घरचे पत्ते आहेत. आई-वडिलांचे फोन नंबर आहेत. माझ्या धाकटीची जन्मतारीख इतकी वर्षं कोणालाही दिसत होती, हे मला आज कळतंय.

आणि नानांबद्दल मनात काही नाही, पण पद सोडल्यावरही सभासदांचा पत्रव्यवहार एका माणसाच्या घरच्या मेलमध्ये जात राहतो हे बरोबर नाही. कोणाचीही फी थकली, कोणाच्या घरी काही अडचण आली, ते सगळं लोक विश्वासाने या पत्त्यावर लिहितात.

अप्पा, शनिवार दुपारी १२.१०

नानांनी अकरा वर्षं हे खातं एकट्याने सांभाळलं. तेव्हा कोणी हात वर केला नव्हता. आज त्यांच्यावर ठपका ठेवणं मला पटत नाही. यादी उघडी राहिली ती सर्व समित्यांची चूक, माझ्याही.

वहिनी, शनिवार दुपारी १२.१८

ठपका नाही अप्पा. मुलांची माहिती आहे. त्यात ‘कोणी सांभाळलं’ हा मुद्दा येत नाही.

नाना, शनिवार दुपारी २.०२

सर्वांना नमस्कार. इथे रात्र झाली आहे, मेल आत्ता पाहिले.

मेल पुढे जाण्याची व्यवस्था मीच केली होती. तेव्हा मंडळाची पेटी रोज उघडणारं कोणी नव्हतं आणि दोन महत्त्वाची पत्रं चुकली होती. पद सोडताना ती बंद करायची राहिली. मी ते मेल वाचत नव्हतो, वेगळ्या फोल्डरमध्ये जात होते. ३,००० च्या वर आहेत. आत्ता सगळे काढून टाकले, कचरापेटीही रिकामी केली. वहिनींचं म्हणणं मला मान्य आहे.

आणि एक सांगतो. हा धागा वाचून मी माझी स्वतःची खाती तपासली. तीन ठिकाणी तोच ४१चा नंबर अजून होता, त्यातलं एक पेन्शनचं. नंबर सोडताना माझ्या डोक्यात फक्त नातेवाइकांना कळवणं होतं. जे कोणी देश बदलणार असतील त्यांनी आधी खात्यांवरचा नंबर बदलावा, सिम मग बंद करावं. क्रम उलटा झाला की काय होतं ते आज मला दिसलं.

मावशी, शनिवार दुपारी २.२०

नाना, पेन्शनचं वेळेत सापडलं, बरं झालं.

अप्पा, शनिवार दुपारी ३.०५

आता पुढे काय? कोणीतरी पासवर्ड सांभाळणारं ॲप सुचवेल म्हणून आधीच सांगतो, माझा विरोध आहे. २०२२ मध्ये लास्टपास या अशाच ॲपमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या, प्रती चोरीला गेल्या हे मी वाचलं आहे.

भाऊ, शनिवार दुपारी ३.३०

अप्पा, गेल्या हे खरं. त्या प्रतींमधले पासवर्ड प्रत्येकाच्या मुख्य पासवर्डाने कुलूपबंद होते, संकेतस्थळांचे पत्ते मात्र उघडे होते. मुख्य पासवर्ड कमकुवत होता त्यांना खरा धोका. तरी माझं मत असं, की वीस ठिकाणी एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा असं ॲप बरं, किंवा काकूंची वही बरी. पण ती आजची निकड नाही.

आजची निकड कोड कुठे यावा ही आहे. पुन्हा एखाद्याचा नंबर टाकला तर चार वर्षांनी हाच धागा पुन्हा निघेल. शिवाय नंबर फसवूनही पळवता येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरच्या प्रमुखांचं, जॅक डॉर्सींचं, ट्विटर खातं त्यांचा नंबर ताब्यात घेऊनच वापरलं गेलं होतं.

म्हणून कोड बनवणारं ॲप घ्या. जोडताना पडद्यावर क्यूआर दिसतो. तो त्याच वेळी सचिव आणि खजिनदार दोघींनी आपापल्या फोनवर स्कॅन करायचा. त्यात एक गुपित असतं, ते आणि घड्याळ यांवरून दर ३० सेकंदांना दोन्ही फोनवर तोच कोड बनतो. सिम लागत नाही, इंटरनेट लागत नाही. पदाधिकारी बदलले की जुनं जोडणं काढून नवा क्यूआर, आणि हस्तांतराच्या कागदात ती ओळ.

कोड कितीही चांगला असला तरी खोट्या पानावर टाकला तर तो जातोच. पासकी (पासवर्डाऐवजी फोनमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली) तिथे वरचढ आहे, कारण ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, खोट्या पानावर चालतच नाही. स्वतःच्या मेलसाठी मी तीच वापरतो. मंडळात दोघींचे फोन वेगळ्या जातीचे आहेत, म्हणून आधी ॲप.

वहिनी, शनिवार दुपारी ३.५०

माझ्या फोनवर चालेल. पण ताई बाहेरगावी असताना मी एकटीने मेल उघडला असं नंतर कोणी म्हणायला नको. कधी उघडला त्याची नोंद राहते ना?

भाऊ, शनिवार दुपारी ३.५५

कोणत्या यंत्रावरून कधी उघडला ते खात्यात दिसतं.

ताई, शनिवार संध्याकाळी ६.१५

वहिनी घरी आल्या होत्या. दोन्ही फोनवर ॲप जोडलं, दोघींनी एकेकदा बाहेर पडून पुन्हा आत जाऊन पाहिलं, चाललं. राखीव कोडांच्या दोन प्रती छापल्या, दोन पाकिटांत घालून सील केल्या. एक कपाटात, किल्ली अध्यक्षांकडे. दुसरं कोणाकडे द्यायचं? मंडळाच्या खोलीत दोन्ही नकोत. पासवर्ड लिस्टवर कधीही टाकायचा नाही हे दादा नियमांत घालत आहेत. मुलांच्या जन्मतारखांचा रकाना नव्या फॉर्ममध्ये मुळात हवाच का, हे सभेच्या विषयपत्रिकेत घेतलं आहे.

अप्पा, शनिवार संध्याकाळी ६.४०

जन्मतारीख नको, जन्मवर्ष पुरे. वयोगट ठरवायला तेवढं लागतं.

काकू, शनिवार संध्याकाळी ६.५२

दुसरं पाकीट माझ्याकडे दे. मी उघडणार नाही, आणि कोणी मागितलं तर आधी तुला फोन करेन.