‘वैद्यकीय गांजा’, ‘औषधी गांजा’ की ‘कॅनाबिस’? आणि ‘कायदेशीर झाला’ म्हणजे नेमके काय झाले?

टाकदौत
‘अमुक देशात औषधासाठी गांजा कायदेशीर’ असे वाक्य मराठीत सर्रास लिहिले जाते. थायलंड, जर्मनी, ब्रिटन, कॅनडा, सगळ्यांना एकच क्रियापद. तिथे घडलेल्या गोष्टी मात्र एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत. निरनिराळ्या बदलांना मराठीत निरनिराळे शब्द आहेत का? मुळात ‘गांजा’ हा शब्द इथे बरोबर आहे का? आणि ‘हेम्प’ला (धागा-बियांसाठी पिकवतात ते कमी नशेचे कॅनाबिसचेच झाड) ‘ताग’ म्हणावे का?

कलमकसाई
आधी ‘गांजा’. कायद्याच्या भाषेत गांजा म्हणजे झाड नव्हे, झाडाचा एक भाग. आपल्या १९८५च्या गुंगीकारक पदार्थांच्या कायद्यात (लोक ‘एनडीपीएस’ म्हणतात तो) कॅनाबिसच्या व्याख्येत तीन गोष्टी येतात: चरस म्हणजे राळ, गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे, आणि या दोहोंची मिश्रणे. बिया आणि पाने शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजात धरलेली नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारातली व्याख्याही जवळपास याच शब्दांत आहे. पानांची भांग या व्याख्येबाहेर राहते ती यामुळेच, आणि तिचे नियम राज्ये करतात.

म्हणून ‘कॅनाबिस’साठी डोळे मिटून ‘गांजा’ लिहिले की चरस, अर्क, तेल हे सगळे गळून पडते. सगळे मिळून म्हणायचे असेल तर ‘कॅनाबिस’ ठेवा, सुका फुलोरा म्हणायचा असेल तर ‘गांजा’.

हा शब्दच्छल नाही. गांज्याची अल्प मात्रा १ किलोपर्यंत आणि व्यापारी मात्रा २० किलोच्या पुढे धरतात. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, तर व्यापारी मात्रेला किमान १० वर्षे. पंचनाम्यात ‘पाने, फुले, काड्या, बोंडे, बियामिश्रित उग्र वासाचा हिरवट पाला’ असे लिहून सगळ्याचे एकत्र वजन केले की बचाव पक्ष पहिले बोट तिथेच ठेवतो: यात व्याख्येतला गांजा किती? व्यापारी मात्रेत जामिनाच्या अटी कलम ३७मुळे फार कडक होतात, त्यामुळे २२ किलो पाल्यातून पाने आणि काड्या वजा होतात की नाही यावर सगळे प्रकरण फिरू शकते.

खलबत्ता
‘औषधी गांजा’ नको, असे माझे मत. ‘औषधी’ म्हटले की तुळस, अडुळशासारखा वनस्पतीचा अंगचा गुण सुचतो, जणू गांज्याची एक वेगळी, सोज्वळ जात आहे. तशी जात नाही. तोच फुलोरा एका वाटेने रुग्णाकडे जातो, दुसऱ्या वाटेने नशेसाठी. कायदा बदलतो ती वाट. ‘वैद्यकीय वापरासाठीचा गांजा’ हे लांबलचक आहे, पण पहिल्यांदा तसे लिहून पुढे ‘वैद्यकीय गांजा’ चालेल.

औषध कंपनीने बनवलेले, मात्रा ठरलेले औषध असेल तर ‘गांजा’ शब्द आणूच नका. अमेरिकेत जून २०१८मध्ये ‘एपिडायोलेक्स’ला मान्यता मिळाली. ते अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांसाठीचे शुद्ध कॅनाबिडायॉलचे (कॅनाबिसमधला एक घटक) द्रावण आहे, नशा आणणारे टीएचसी त्यात जवळपास नाही. त्या औषधाला सर्वांत सैल अशी पाचवी अनुसूची (नियंत्रित पदार्थांची कायद्यातली यादी) मिळाली तेव्हा झाड पहिल्या अनुसूचीतच होते. ‘अमेरिकेत गांज्याच्या औषधाला मान्यता’ हा मथळा म्हणून वाचकाला भलत्याच ठिकाणी नेतो.

जाता जाता: गुंजा आणि गांजा एक नव्हेत. सोने तोलायची लाल-काळी गुंज निराळ्याच वेलीची बी, तीही विषारी. आयुर्वेदिक औषधांतल्या विषारी द्रव्यांच्या सरकारी यादीत भांग आणि गुंजा दोन्ही आहेत, तेव्हा घाईत वाचणारा फसतो. ग्रंथातली ‘विजया’ म्हणजे मात्र भांगच.

मोडीवाचक
हेम्पला ताग म्हणू नका! मराठीत ‘ताग’ आधीच दोन झाडांवर विभागलेला आहे: गोणपाटाचा ज्यूट, आणि हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो पिवळ्या फुलांचा ताग, ज्याला इंग्रजीत ‘सन हेम्प’ म्हणतात. त्यात तिसरे झाड घातले की शेतकरी वाचक समजणार, आपण पेरतो त्याच तागाला परवाना लागतो.

अंबाडीचे तर याहून गमतीचे. तिचे शास्त्रीय नाव ‘हिबिस्कस कॅनाबिनस’, इंग्रजीत एक नाव ‘डेक्कन हेम्प’. पाने दिसायला थोडी तशी म्हणून नाव तसे पडले. नाते काही नाही; अंबाडी जास्वंदीच्या घरातली. यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘हेम्पच्या लागवडीला मुभा’चे ‘अंबाडीच्या लागवडीला मुभा’ होते ते या नावामुळे.

‘औद्योगिक हेम्प’ किंवा ‘धाग्याची भांग’ लिहा आणि लगेच टक्का द्या. अमेरिकेच्या २०१८च्या कायद्यात सुक्या वजनावर टीएचसी ०.३ टक्क्यापर्यंत असेल तर हेम्प, वर गेले की ‘मॅरिवाना’. झाड तेच, सीमारेषा माणसाने आखलेली. उत्तराखंडनेही २०१८पासून कमी टीएचसीच्या लागवडीला परवाने देण्याची वाट उघडली. त्याला आधार एनडीपीएसच्या कलम १४चा, धागा आणि बी यांच्यासाठीचा. त्याला ‘वैद्यकीय गांज्याची शेती’ म्हणणे चूक.

खलबत्ता
टक्क्यांबद्दल एक भर. फुलोऱ्यावर ‘टीएचसी २० टक्के’ असेल तर एका ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅम. ‘०.३ टक्के नशा’ असे भाषांतर दिसते, ते निरर्थक आहे. शिवाय ताज्या झाडात टीएचसी बहुतेक आम्लरूपात असते, तापवल्यावर मोकळे होते. म्हणून प्रयोगशाळा ‘एकूण टीएचसी’ काढताना आम्लाचा आकडा ०.८७७ने गुणून मोकळ्या टीएचसीत मिळवतात. समजा आम्ल १ टक्का आणि मोकळे टीएचसी ०.१ टक्के, तर एकूण ०.९७७. नुसते ‘टीएचसी’ पाहिले तर हा माल हेम्प, ‘एकूण टीएचसी’ पाहिले तर नाही. भाषांतरात ‘एकूण’ गाळला की कायदाच बदलतो.

कलमकसाई
आता क्रियापदे. माझ्या मते खरी गल्लत इथे आहे.

निर्गुन्हेगारीकरण: शब्द बोजड, पण पर्याय नाही. पोर्तुगाल, २००१. जवळ बाळगणे बेकायदाच राहिले, पण सुमारे १० दिवसांच्या स्वतःच्या वापराइतके असेल तर तो फौजदारी गुन्हा उरला नाही. ‘कायदेशीर’ म्हटले की चुकले. सोप्या भाषेत ‘गुन्हा राहिला नाही, मुभाही मिळाली नाही’.

अनुसूची बदलणे: ब्रिटन, १ नोव्हेंबर २०१८. कॅनाबिसपासून बनवलेली वैद्यकीय उत्पादने पहिल्या अनुसूचीतून दुसरीत गेली, म्हणजे तज्ज्ञ-नोंदवहीतले डॉक्टर ती लिहून देऊ शकतात. पण ‘वर्ग ब’ तसाच राहिला. तिथे वर्ग शिक्षा ठरवतो, अनुसूची कोण लिहून देईल आणि कोण बाळगेल ते ठरवते. दोन्हींना मराठीत ‘श्रेणी’ लिहिले की सगळा अर्थ मातीत.

यादीतून वगळणे: थायलंड. आधी २०१९मध्ये वैद्यकीय वापराला परवानगी, मग ९ जून २०२२ला झाडच गुंगीकारक पदार्थांच्या यादीबाहेर. टीएचसी ०.२ टक्क्याहून जास्त असलेले अर्क मात्र यादीत राहिले. वगळणे म्हणजे नियम करणे नव्हे. नियमांचा सर्वंकष कायदा आलाच नाही आणि दुकाने आधी आली. जून २०२५मध्ये फुलोऱ्याला डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची झाली. त्याला ‘पुन्हा बंदी’ म्हणणेही चूक.

वैधीकरण किंवा कायदेशीरकरण: उरुग्वे (२०१३) आणि कॅनडा (१७ ऑक्टोबर २०१८), जिथे पिकवण्यापासून विक्रीपर्यंत सगळी साखळी कायद्याने आखली. जर्मनी अर्धा-मुर्धा: १ एप्रिल २०२४पासून प्रौढाला बाहेर २५ ग्रॅम, घरी ५० ग्रॅम आणि तीन झाडे; पण सर्वसाधारण दुकानातून विक्री नाही. वैद्यकीय वापर तिथे मार्च २०१७पासूनच होता. २०२४मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि गुंगीकारक औषधांसाठीच्या खास नमुन्याऐवजी साधी चिठ्ठी पुरू लागली.

टाकदौत
अनुसूचीचा आकडा तरी सगळीकडे सारखा वाचावा का? संयुक्त राष्ट्रांत ‘चौथ्या अनुसूचीतून काढले’ म्हणतात, म्हणजे आधीच सैल यादीत होते?

कलमकसाई
उलट! १९६१च्या करारात चौथी अनुसूची सर्वांत कडक, पहिलीतल्याच निवडक पदार्थांवर जास्तीचे निर्बंध घालणारी. अमेरिकेत पहिली सर्वांत कडक, पाचवी सर्वांत सैल. २ डिसेंबर २०२०ला २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनाबिस चौथीतून निघाले, भारताचे मत बाजूने पडले, आणि ते पहिलीत तसेच राहिले. म्हणून आकड्यापुढे ‘कोणाची अनुसूची’ हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘परिशिष्ट’ही नको, पुस्तकाच्या शेवटी असते ते परिशिष्ट.

आणि भारतात ‘वैद्यकीय गांज्यावर सरसकट बंदी’ हेही तपासून लिहा. एनडीपीएसच्या कलम ८ची मनाईच ‘वैद्यकीय किंवा वैज्ञानिक हेतू वगळून’ अशी आहे, तोही कायदा आणि नियम ठरवतील त्या रीतीने. ‘मनाई, परवान्याचा अपवाद ठेवून’ हे जास्त खरे.

मोडीवाचक
वर ‘चिठ्ठी’ आली म्हणून. अमेरिकेतल्या राज्यांत डॉक्टर गांजा ‘लिहून देत’ नाहीत, ‘शिफारस’ करतात. केंद्रीय कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला पदार्थ लिहून देता येत नाही, म्हणून कॅलिफोर्नियाच्या १९९६च्या कायद्यापासून ही पळवाट आहे. कॅनडातही ‘वैद्यकीय दस्तऐवज’ असतो, त्यात दिवसाचे ग्रॅम आणि मुदत (फार तर एक वर्ष). तिन्हींना ‘चिठ्ठी’ म्हटले की फरक संपला. चिठ्ठी, शिफारसपत्र, वैद्यकीय दस्तऐवज असे तीन शब्द वेगळे ठेवावेत.

‘अंमली’ की ‘अमली’ हा वाद कोणी काढण्याआधीच: मूळ अरबी ‘अमल’, मराठीत अनुस्वारासह रुळला. सत्ता आणि नशा दोन्ही अर्थ एकाच ‘अंमला’चे, त्यामुळे अंमली पदार्थांच्या कायद्याची अंमलबजावणी हे वाक्य स्वतःभोवतीच फिरते.

खलबत्ता
‘मारिजुआना’ लिहू नका, त्यातला ज स्पॅनिश आहे, उच्चार ह-कडे झुकतो. ‘मॅरिवाना’ बरे, तेही अमेरिकी कायद्याबद्दलच लिहिताना.

टाकदौत
आणि ‘गांजाचा’ की ‘गांज्याचा’? इथे सगळे ‘गांज्याचा’ लिहिताहेत, वर्तमानपत्रांत मात्र ‘गांजाची झाडे’.

मोडीवाचक
घोडा-घोड्याचा, तसा गांजा-गांज्याचा. राजा-राजाचा हा अपवाद. गांज्याला तो मान द्यायचे कारण नाही.