कितीचं झालं बाळ?

माझी लेक 29 आठवड्यांची जन्मली, 1,150 ग्रॅम. लिफ्टमध्ये कुणी "कितीची झाली?" विचारलं की माझी आकडेमोड सुरू. सात महिने सांगितले तर "अगंबाई, अजून बसत नाही?" आणि साडेचार सांगितले तर खोटं बोलल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांचा हिशेब सरळ होता: पुऱ्या दिवसांच्या 40 तून 29 गेले, 11 आठवडे वयातून वजा, दोन वर्षांची होईपर्यंत. तुमच्या सातमाश्यांचं लिहा. एनआयसीयूपासून (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) शाळेपर्यंत, काहीही. हॉस्पिटलचं नाव तेवढं नको.

मानेवाडा (नागपूर), आई
आमचं 30 आठवड्यांचं, घरी आलं ते ऐन मेमध्ये. बाहेर 45, आणि सिस्टरनी बजावलेलं की जमेल तितका वेळ छातीशी, कातडीला कातडी. कूलर लावला तर बाळ गार पडायची भीती, बंद केला तर दोघंही घामाघूम. शेवटी कूलर शेजारच्या खोलीत ठेवला आणि दार अर्धं उघडं. रात्रीची पाळी नवऱ्याची. सासूबाई म्हणायच्या, "काहून रे, वांदरीवानी पोट्ट्याले छातीशी धरून बसला?" त्याच्याकडे ते जास्त शांत झोपायचं. मला रागच यायचा, खरं सांगते.

जरीपटका, बाबा
मुलगा 31 आठवड्यांचा, 1,400 ग्रॅम. डिस्चार्ज कार्डावर लोहाचे थेंब, व्हिटॅमिन डी, पुढची तारीख, सगळं होतं. डोळ्यांचं अक्षरही नाही. दीड महिन्याच्या लसीला गेलो तर तिथल्या सिस्टर कार्ड उलटंपालटं करत म्हणाल्या, "भाऊ, पडदा तपासला काय याचा?" मला वाटलं हृदयाचा.

आरओपी म्हणतात त्याला. डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या पुऱ्या व्हायच्या आत बाळ बाहेर आलं की त्या भलत्याच वाढू शकतात, आणि वेळ गेली तर पडदा सुटतो. वरून डोळे छान टपोरे दिसतात, काही कळत नाही. 34 आठवड्यांच्या आतलं किंवा 2 किलोच्या खालचं बाळ असेल तर 30 दिवसांच्या आत तपासणी; 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1,200 ग्रॅमच्या खालचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. आम्ही पोचलो 46 व्या दिवशी. दोन दिवसांत लेसर झालं. आता चारचा आहे, जाड चष्मा लावतो, आणि संक्रांतीला गच्चीवरून कापलेली पतंग माझ्याआधी त्याला दिसते. ते डिस्चार्ज कार्ड मी जपून ठेवलंय. कशासाठी, माहीत नाही.

महाल, आजी (नात टाइप करून देते आहे)
नळीतून दोन-दोन मिली दूध. सून काढायची, मी बर्फाच्या डब्यातून स्कूटीवर मागे बसून न्यायची. दोन मिली म्हणजे किती, तर अर्धा चमचाही नाही. बोंडल्याने पाजायला लागलो तेव्हा बारसं केलं, 74 व्या दिवशी.

धरमपेठ, आई
लस मात्र खऱ्या जन्मतारखेप्रमाणेच. वजाबाकी तिथे नाही.

प्रतापनगर, जुळ्यांची आई
दोघंही 28 आठवड्यांचे. एक वजाबाकीच्या वयाने तेराव्या महिन्यात चालला. दुसऱ्याचं लंगोट बदलताना मांड्याच उघडायच्या नाहीत, उभं केलं की चवड्यांवर. "मुलगेच उशिरा चालतात" हे मी तीन महिने ऐकून घेतलं. ते ऐकायला नको होतं. डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांची वाढ तपासणाऱ्या सरकारी जिल्हा केंद्रात दाखवलं, फिजिओ सुरू झालं, पायाला प्लास्टिकचे बूट आले. आता सहाचा आहे. व्हॅनवाले काका त्याला पुढच्या सीटवर बसवतात, म्हणून धाकटा रोज भांडतो.

पुन्हा मी
लेक 10 डिसेंबरची. यायची होती फेब्रुवारीच्या शेवटी. शाळेचा नियम 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण हवीत असा, म्हणजे कागदावर ती याच वर्षी पहिलीत बसते. दोन वर्षांनंतर वजाबाकी संपते म्हणे. आम्ही एक वर्ष थांबवलं. शाळेच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "बसतेय नं, मग काहून थांबवता?"