मूल रोबोकडे बघतं, रोबो दाखवतो तिकडे नाही

विशेष शिक्षिका, कळवा:
५ ते ७ वर्षांच्या स्वमग्न मुलांसाठी टेबलावरचा छोटा रोबो करून घेतलाय. मान वळते, डोळ्यांत रंगीत एलईडी, मराठी आवाज. पण मुलं रोबोलाच टक लावून बघतात. तो वळतो तिकडे नजर जात नाही. मान वळताना कर्कश आवाज होतो आणि मधेच सगळं रीसेट होतं. काय बदलावं?

इलेक्ट्रॉनिक्सवाला, ऐरोली:
ताई, सर्वोला (मान वळवणाऱ्या मोटरला) आर्डुइनोच्या (रोबो चालवणाऱ्या बोर्डच्या) ५ व्होल्ट पिनवरून वीज दिली असणार. सर्वो सुरू होताना एकदम करंट ओढतो, व्होल्टेज पडतं, बोर्ड रीसेट होतो. सर्वोला वेगळा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा सप्लाय द्या आणि त्याचं आणि बोर्डचं ग्राउंड (ऋण टोक) एकमेकांना जोडा. हे जोडायचंच राहतं आणि मग मान थरथरते. सर्वोजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, पट्टीची बाजू ग्राउंडला.
आवाज कमी व्हावा म्हणून मान एका झटक्यात वळवू नका. १-१ अंशाने, दर अंशाला २० मिलिसेकंद. वळून झाली की कोडमध्ये सर्वो डिटॅच करा (त्याला सिग्नल देणं थांबवा), नाहीतर थांबल्यावरही गुणगुणतो. आपल्याला जाणवत नाही, पण काही मुलं त्यानेच कान झाकतात.

ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), खारघर:
आधी डोळ्यांतले रंगीत दिवे बंद करा. मूल त्यातच अडकतं.
रोबोच्या डावी-उजवीकडे १-१ मीटरवर ओळखीची चित्रं ठेवा: रिक्षा, टीएमटीची बस. पायऱ्या अशा: नुसती मान वळवा, ५ सेकंद थांबा. नजर गेली नाही तर मान आणि ‘बघ, रिक्षा!’. तरीही नाही, तर हातानेही दाखवा. नजर गेली की बक्षीस चित्रापाशीच हवं, म्हणजे तिथला दिवा लागावा किंवा खेळणं हलावं. रोबोच नाचला, तर नजर परत त्याच्याकडेच येणार! ही चूक फार होते.
दुसरं, आईला पहिल्या दिवसापासून बसवा. एक पाळी रोबोची, एक आईची, शब्द तेच. येल विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात रोबो महिनाभर घरी होता, रोज ३० मिनिटं, शेजारी पालक. रोबो नसतानाही मोठ्यांबरोबरचं संयुक्त लक्ष (दुसरा बघतो त्याच गोष्टीकडे बघणं) सुधारलेलं दिसलं. मुलं १२च होती, पण मांडणी घेण्यासारखी आहे.
आईच्या पाळीत १० पैकी ८ वेळा मदतीशिवाय जमलं की रोबोच्या पाळ्या कमी करत जा. ठाण्याच्या तलावपाळीला आई ‘बघ, होडी!’ म्हणाली तर मूल वळतं का, तेही वहीत लिहायला सांगा.