व्हीआरमध्ये रस्ते लक्षातच राहत नाही, काऊन?

बर्डीवाला: भाऊ, इतवारीच्या गल्ल्या मला तोंडपाठ, पण व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा, हेडसेट घातला का चार खोल्यांच्या घरातही भरकटून राहिलो, किल्ली कोणत्या खोलीत दिसली होती तेही आठवत नाही. ग्राफिक्स तर झक्कास आहे, मग गडबड कुठे?

महालकर: टेलिपोर्ट करतो का बे? बटन दाबून टुणकन उडालास तर मधला रस्ता मेंदूला भेटतच नाही. चालताना पाय, स्नायू, कानातला तोल सांभाळणारा भाग, सगळे मिळून किती सरकलो अन् किती वळलो याचा हिशोब ठेवतात. व्हीआरमध्ये टेलिपोर्ट केलं तर एकटे डोळे कामाला.

संत्राबर्फी: बरोबर. हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला आठवणी अन् जागा सांभाळणारा भाग, त्यात प्लेस सेल नावाच्या पेशी असतात, ठराविक जागी गेलं की ठराविक पेशी चालू होते. जॉन ओकीफनी १९७१ मध्ये उंदरांत दाखवलं, मोझर जोडप्यानं शोधलेल्या ग्रिड सेल, म्हणजे जागेचं जाळं आखणाऱ्या पेशी, २००५ च्या, तिघांना २०१४ चं नोबेल. मला जास्त भारी वाटलं ते मेंदूशास्त्रज्ञ मयंक मेहतांच्या लॅबचं २०१३ चं काम, उंदीर व्हीआरमध्ये पळवले तर खऱ्या ट्रॅकपेक्षा निम्म्याहून कमी प्लेस सेल चालू दिसल्या, अन् दृश्य तर सारखंच होतं!

बर्डीवाला: टेलिपोर्टच करतो ना, हातातल्या कंट्रोलरच्या स्टिकनं चाललो का मळमळते.

महालकर: मग उभा राहून खेळ, वळायचं ते स्वतःच्या अंगानं वळ, नाहीतर फिरती खुर्ची घे. जमलं तेवढं खरंच चाल. हॉलमधला कूलर आधी बाजूला कर.