मदत हवी आहे: पोळी-भाजी केंद्रासाठी गाळा, एजंट आणि टोकन (पुणे, सिंहगड रस्ता)

नमस्कार मंडळी,

मी आणि माझ्या जाऊबाई घरून डबे देतो. आता घरचा ओटा पुरेनासा झालाय, म्हणून वडगाव-धायरी भागात भाड्याने गाळा बघतोय. एजंटमार्फतच बघतोय, कारण पाटी लागायच्या आधी कुठला गाळा रिकामा होतोय हे त्यांनाच कळतं. या गृहस्थांनी मेहनतही घेतली आहे, त्यामुळे त्यांना वगळून थेट मालकाला गाठायचं मनात नाही.

एक गाळा पसंत पडलाय. भाडं ३५ हजार, अनामत २ लाख, करार ३ वर्षांचा. अडचणी अशा:

एजंट म्हणाले होते ३०० चौरस फूट. जाऊबाईंनी टेप लावून मोजलं तर शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत जेमतेम २१८ चौरस फूट क्षेत्र भरलं, त्यात मधोमध कॉलम. पोळ्यांची भट्टी लावली की कणीक मळायला जागा कुठे उरते? विचारलं तर म्हणाले, "बाकीचं लोडिंग (जिना, भिंती वगैरेंचा धरलेला वाटा) असतं, आणि पुढे शेड टाकून घ्या, सगळेच टाकतात." पुढची जागा म्हणजे फ्रंट मार्जिन, इमारतीपुढे मोकळी सोडायची जागा. तिथे शेड टाकली आणि महापालिकेची अतिक्रमणाची गाडी आली तर सामान आमचं जाणार.

दुसरं, हे मालकाकडूनही दलाली घेणार आणि आमच्याकडून २ महिन्यांचं भाडं मागतायत. मग घासाघीस करताना ते नक्की कोणाच्या बाजूने बोलणार?

तिसरं, २५ हजार टोकन आजच, तेही त्यांच्याच खात्यावर हवंय. "उद्या दुसरी पार्टी येतेय," असं सांगतात.

इमारत राहती आहे आणि गाळ्याच्या शेजारी पार्किंग आहे. हा गाळाही मूळचा पार्किंगच असावा, अशी शंका येते. कागद मागितले की उत्तर एकच, "सोसायटीचं मी बघतो."

टोकन द्यायच्या आधी काय काय लेखी घ्यावं? आणि २ महिन्यांची दलाली रास्त आहे का?

प्रतिसाद १

ताई, टोकन एजंटच्या खात्यावर अजिबात देऊ नका. मालकाच्या नावाने चेक द्या. पावतीवर गाळा, भाडं, अनामत आणि "कागदपत्रं योग्य नसल्यास पूर्ण परत" एवढं लिहून घ्या. दुसरी पार्टी येत असेल तर येऊ दे. खरा मालक दोन दिवस थांबतो.

दलाली कायद्याने ठरलेली नाही, बोलण्यावर आहे. मी १ महिन्यावर आणलं असतं आणि तीही करार नोंदल्यावर, आधी नाही. महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर दाखवून कोणी भाव खाल्ला तर लक्षात ठेवा, तो कायदा प्रकल्पातल्या खरेदी-विक्रीचा आहे, भाड्याच्या व्यवहाराला तो लागत नाही. एजंट दोन्हीकडून घेतो तेव्हा सौदा व्हावा यातच त्याचं हित. म्हणून भाड्याचं बोलणं मालकाला समोर बसवून करा.

करार नोंदवायलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. खर्च फार नाही. ३६ महिन्यांचं भाडं १२,६०,००० आणि अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ३ वर्षांचे ६०,०००, म्हणजे एकूण १३,२०,०००. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक ३,३०० रुपये आणि नोंदणी फी १,०००. एजंटने याच्या चौपट सांगितलं तर हिशोब मागा.

प्रतिसाद २

माझं स्नॅक्स सेंटर आहे, म्हणून सांगते. आधी मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला) बघा. नकाशात त्या जागी 'पार्किंग' लिहिलेलं असेल तर तो गाळा सोडा, भाडं कितीही कमी असो. नकाशात 'दुकान' असेल तरी सोसायटीचं ना-हरकत लेखी घ्या आणि त्यात चिमणीचा उल्लेख हवाच. धुराचा पाइप गच्चीपर्यंत न्यावा लागतो. वरच्या मजल्यावर फोडणीचा वास गेला की पहिल्याच आठवड्यात तक्रार येते. वीजमीटर व्यावसायिक आहे का, थ्री फेज मिळेल का, जुनं बिल थकलंय का, मिळकत कर कोण भरणार, हेही करारात येऊ द्या.

आणखी एक विचारा: मालकाकडे जीएसटी नंबर आहे का? असेल तर भाड्यावर १८ टक्के चढतात, ३५ हजारांचे ४१,३०० होतात. तुमचं स्वतःचं रजिस्ट्रेशन नसेल तर ते वजाही मिळत नाहीत. हे एजंट शेवटच्या दिवशी सांगतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज एजंटना फोन करून नकाशा आणि भोगवटा पत्राची प्रत मागितली, टोकन थांबवलं. जीएसटीचं विचारल्यावर "मालकाला विचारून सांगतो" म्हणाले, म्हणजे ते आजवर बोललेच नव्हते. कागद आले की मालकाला भेटूनच भाड्याचं बोलू, आणि ते २१८ फुटांवर ठरवू, ३०० वर नाही.

आता लॉक-इनबद्दल, म्हणजे करार मध्येच मोडता येत नाही त्या मुदतीबद्दल, सांगा. मालकाला पूर्ण ३ वर्षं हवीत. आम्हाला वाटतं आमच्या बाजूने ६ महिने पुरेत, कारण धंदा चालला नाही तर पुढचं भाडं भरायचं कुठून? मालकाच्या बाजूने मात्र ३ वर्षं असावीत, नाहीतर चिमणी, ओटा, टाइल्स असा आमचा खर्च वाया जाईल. असा एकतर्फी लॉक-इन सिंहगड रस्ता भागात कोणाला मिळालाय का? मिळाला असेल तर करारातलं कलम कसं लिहिलं होतं, ते कळलं तर फार मदत होईल.