भयपटांची आवड आणि भयकॉमिक : पडद्यावरची भीती कागदावर कशी उतरवावी?

रात्रपाळी यांचा प्रश्न :

भयपटांची मला शाळेपासून विलक्षण आवड आहे आणि त्या आवडीतूनच सध्या एक भयकॉमिक लिहिण्याचे व रेखाटण्याचे काम हाती घेतले आहे. शेवटच्या एसटीने उतरलेले एक मास्तर फाट्यापासून गावाकडे एकटेच चालत निघतात आणि वाटेत त्यांना मागून ओळखीच्या आवाजात हाक ऐकू येते, अशी ही कथा आहे. रात्री अशी हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही, ही आपल्याकडची समजूत तिच्या मुळाशी आहे. चित्रपट म्हणून विचार केला की हा प्रसंग लगेच डोळ्यांसमोर उभा राहतो, कारण तिथे रातकिडे एकाएकी गप्प करता येतात, आणि मास्तरांनी मान वळवायला किती वेळ घ्यायचा हे दिग्दर्शक ठरवतो. कागदावर आवाज नाही, आणि वेळ तर पूर्णपणे वाचकाच्या हातात असतो. मनात आले तर तो शेवटचे चित्र आधीच पाहून घेतो. भयपटांवरील प्रेमापोटी ज्यांनी कॉमिक्स काढली, त्यांनी चित्रपटाकडून नेमके काय घेतले आणि काय सोडून दिले, हे जाणकारांनी उदाहरणांसह सांगावे, अशी विनंती आहे.

कृष्णधवल यांचा प्रतिसाद :

आपल्याला अमेरिकेतील ‘क्रीपी’ या भयकॉमिक्सच्या नियतकालिकापासून सुरुवात करता येईल, कारण त्याचा जन्मच भयपटांच्या वेडातून झाला. १९५७ मध्ये युनिव्हर्सल या चित्रपटसंस्थेचे जुने भयपट तिथल्या दूरचित्रवाणीवर दिसू लागले आणि मुलांची एक अख्खी पिढी त्यांच्या नादी लागली. पुढच्याच वर्षी प्रकाशक जेम्स वॉरन यांनी फॉरेस्ट अॅकरमन यांच्या संपादनाखाली या चित्रपटांना वाहिलेले नियतकालिक सुरू केले, आणि त्याच वाचकांच्या बळावर १९६४ मध्ये ‘क्रीपी’ काढले. दरम्यान, १९५४ मध्ये अमेरिकन कॉमिक्सवर आचारसंहिता आली होती. तिच्यात रक्तपिपासू, नरवृक (लांडग्याचे रूप घेणारी माणसे) आणि चालती प्रेते दाखवण्यास मनाई होती. इतकेच नव्हे, तर कॉमिकच्या नावात ‘हॉरर’ हा शब्दसुद्धा वापरता येत नव्हता. मोठ्या आकाराचे कृष्णधवल नियतकालिक या संहितेच्या कक्षेबाहेर राहत असल्यामुळे वॉरन यांनी तो मार्ग धरला, आणि रंग नसल्याने चित्रकारांना छायाप्रकाशावरच सगळी भिस्त ठेवावी लागली. जुन्या भयपटांची खरी पुंजी तीच होती. कंदिलाचा प्रकाश खालून आला की ओळखीचा चेहराही परका वाटतो, ही युक्ती शाईने अगदी सहज साधते.

दुसरे उदाहरण मला याहून जवळचे वाटते. १९७१ मध्ये संहिता सैल झाल्यावर मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने १९७२ मध्ये ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’ हे कॉमिक सुरू केले. त्याचे चित्रकार जीन कोलन यांनी ड्रॅक्युलाला जॅक पॅलन्स या नटाचा चेहरा दिला, तोही पॅलन्स यांनी ती भूमिका करण्यापूर्वी; पुढे १९७४ मध्ये दाखवल्या गेलेल्या दूरचित्रपटात ते खरोखरच ड्रॅक्युला झाले. कोलन यांनी सत्तरच्या सत्तर अंक स्वतः रेखाटले. त्यांच्या चित्रांत अंगरख्याची कड कुठे संपते आणि धुके कुठे सुरू होते हे पुष्कळदा कळत नाही, आणि न कळण्यातच त्यांचे सामर्थ्य आहे. आपल्या रस्त्यालाही अशा न दिसणाऱ्या कडा द्याव्यात, असे मी सुचवेन.

शाईचा डाग यांचा प्रतिसाद :

छायाप्रकाशाबद्दल कृष्णधवल यांच्याशी मी सहमत आहे. मात्र मूळ अडचण वेळेची आहे आणि तिचे उत्तर चौकटींच्या मांडणीत सापडते. १९५५ मध्ये अमेरिकन चित्रकार बर्नार्ड क्रिगस्टाइन यांनी ‘मास्टर रेस’ ही आठ पानांची कथा रेखाटली. ती रूढ अर्थाने भुताखेतांची नाही. नाझी छळछावणीचा एक माजी अधिकारी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका माणसाला पाहून हादरतो, एवढेच तिचे सूत्र आहे. त्याचा तोल जाऊन तो रुळांवर पडतो तो क्षण क्रिगस्टाइन यांनी अरुंद, उभ्या चौकटींमध्ये चिरून मांडला आहे, आणि वाचकाची नजर त्या फटींवरून अडखळत पुढे जाते. वेळ वाचकाच्या हातात असला तरी त्याला रेंगाळायला लावणे चित्रकाराच्या हातात असते, हे त्या पानांवरून दिसते. मास्तरांची मान वळण्याचा क्षण असाच चिरता येईल : आधी थबकलेली चप्पल, मग घट्ट धरलेली पिशवी, मग फक्त कान.

शेवटचे चित्र वाचकाने आधीच पाहू नये यासाठी पान उलटण्याची क्रिया वापरावी. जपानचे भयकॉमिककार जुंजी इतो याचा फार प्रभावी उपयोग करतात. मराठी पुस्तकात विषम क्रमांकाचे पान उजवीकडे येते, तेव्हा तिसरी हाक पाचव्या पानाच्या अगदी तळाशी ठेवावी आणि मास्तरांना जे दिसते ते सहाव्या पानावर द्यावे. हाकेचा फुगा (पात्राचे बोलणे ज्यात लिहितात तो) काढताना त्याची शेपटी चौकटीच्या बाहेर न्यावी, म्हणजे बोलणारा कुठे आहे हे वाचकालाही कळणार नाही. पहिल्या दोन हाकांचे अक्षर वळणदार, घरच्या माणसाचे वाटावे. तिसऱ्यात ते किंचितच बिघडावे.

माळरान यांचा प्रतिसाद :

वरील दोन्ही प्रतिसाद तंत्राविषयी आहेत, आणि मला थोडे वेगळे सांगायचे आहे. चित्रपटाला जे जमत नाही तेही कॉमिकने करावे. अमेरिकन कॉमिकलेखक रॉबर्ट कर्कमन हे दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांच्या झोंबीपटांचे, म्हणजे चालत्या प्रेतांच्या चित्रपटांचे, निस्सीम चाहते. परंतु असे चित्रपट ऐन रंगात संपतात आणि उरलेल्या माणसांचे पुढे काय होते ते कळत नाही, ही त्यांची रुखरुख होती. कधीही न संपणारा झोंबीपट असावा, या इच्छेतून २००३ मध्ये ‘द वॉकिंग डेड’ हे कृष्णधवल कॉमिक सुरू झाले आणि १९३ अंकांनंतर २०१९ मध्ये थांबले. आपल्या मास्तरांनी ओ दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत हजेरी कोण घेते, हा प्रश्न मला त्या रस्त्यापेक्षा अधिक भयंकर वाटतो. कथा तिथपर्यंत न्यावी.

रात्रपाळी :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हजेरीचा प्रसंग मी निश्चित घेणार आहे. एक शंका मात्र उरते : बहुतेक वाचक हे कॉमिक मोबाइलवर वाचतील आणि तिथे पान उलटणे नाही. अशा वेळी पाचव्या-सहाव्या पानाची योजना कशी करावी?

शाईचा डाग :

कोरियातील वेबटून, म्हणजे इंटरनेटवरची कॉमिक्स, वरून खाली सरकवत वाचतात, आणि तिथल्या भयकथाकारांनी नेमका हाच प्रश्न सोडवला आहे. होरांग यांच्या २०११ मधील एका प्रसिद्ध भयकथेत ठरावीक ठिकाणी पडदा आपोआप सरकतो आणि चित्र अंगावर येते. ते परिणामकारक असले तरी त्यात वेळ पुन्हा दिग्दर्शकाकडे जातो, म्हणून मला व्यक्तिशः साधी रिकामी जागा अधिक पसंत आहे. तिसऱ्या हाकेखाली काळ्या रंगाची इतकी लांब पट्टी ठेवावी की बोट दोन-तीनदा सरकवल्याशिवाय ती संपणार नाही, आणि तिच्यात एकही अक्षर लिहू नये. पुढे छापील आवृत्ती काढायची झाल्यास हीच चित्रे पानांच्या हिशेबाने पुन्हा मांडावी लागतील, म्हणून प्रत्येक चौकट सुटी रेखाटून फुगे वेगळ्या थरावर ठेवणे सोयीचे पडेल.